द्विदिश ट्रान्झिस्टर स्विच

द्विदिश ट्रान्झिस्टर स्विच म्हणजे वाहक अवस्थेत दोन्ही दिशांनी विद्युतप्रवाह वाहू देणारा आणि खंडित अवस्थेत कोणत्याही ध्रुवतेचा विद्युतदाब रोखून धरणारा अर्धवाहक स्विच होय. प्रत्यावर्ती प्रवाहाचे नियंत्रण, घनावस्था रिले आणि मॅट्रिक्स परिवर्तक यांत त्याचा उपयोग होतो. उच्च दाबाच्या परिपथांसाठी तो बहुधा दोन सुट्या मॉसफेटपासून तयार करतात.

एक मॉसफेट अपुरा का पडतो

शक्ती-मॉसफेटच्या रचनेतच सोर्स आणि ड्रेन यांच्या दरम्यान एक अंगभूत डायोड तयार होतो. एन-प्रवाहमार्गी मॉसफेटमध्ये ड्रेन धन असताना हा डायोड प्रवाह अडवतो. ध्रुवता उलटताच मात्र तो वाहक होतो आणि गेटवर दाब नसतानाही प्रवाह सुरू राहतो. त्यामुळे एकच मॉसफेट प्रत्यावर्ती प्रवाहाचे केवळ एक अर्धआवर्तन रोखू शकतो.

रचना

दोन एन-प्रवाहमार्गी मॉसफेटचे सोर्स एकमेकांना जोडतात, गेटही एकत्र जोडतात आणि दोन ड्रेन ही स्विचची बाहेरील दोन टोके होतात. दोन्ही अंगभूत डायोड परस्परविरुद्ध दिशांना राहिल्याने कोणत्याही ध्रुवतेला त्यांपैकी एक डायोड प्रवाह अडवतो. गेटला सोर्सच्या तुलनेत सुमारे १० ते १५ व्होल्ट दिल्यास दोन्ही मॉसफेट वाहक होतात. प्रवाह दोन्ही प्रवाहमार्गांतून जात असल्याने एकूण रोध दुप्पट होतो. प्रत्येकी ०.१ ओहम रोधाच्या दोन मॉसफेटमधून ५ अँपिअर प्रवाह गेल्यास ५ वॅट उष्णता निर्माण होते. तापमानाबरोबर हा रोध वाढतो, म्हणून उष्णताशोषकाचा आकार तापलेल्या अवस्थेतील रोधावरून ठरवतात.

गेटचे चालन

या रचनेतील मुख्य अडचण गेटच्या चालनाची असते. सामाईक सोर्स जमिनीला जोडलेला नसून मुख्य परिपथाच्या दाबाबरोबर वर-खाली होतो. गेटचा दाब या बदलत्या बिंदूच्या सापेक्ष द्यावा लागत असल्याने नियंत्रक परिपथापासून विलग असा पुरवठा आवश्यक ठरतो. त्यासाठी लहान रोहित्र, विलग पुरवठ्यासह ऑप्टोकप्लर किंवा प्रकाशव्होल्टीय चालक वापरतात. प्रकाशव्होल्टीय चालकात एलईडीचा प्रकाश डायोडांच्या मालिकेवर पडून गेटसाठी दाब निर्माण होतो, त्यामुळे वेगळा पुरवठा लागत नाही. मात्र त्याचा प्रवाह अत्यल्प असतो. गेटला ६० नॅनोकूलंब विद्युतभार लागत असेल आणि चालक २० मायक्रोअँपिअर देत असेल, तर ३ मिलिसेकंद लागतात. या काळात मॉसफेट अर्धवट वाहक राहून तापतो, म्हणून ही पद्धत वारंवार स्विच होणाऱ्या परिपथांस अयोग्य ठरते.

गेट व सोर्स यांच्यामधील रोधक गेटवरील विद्युतभार काढून घेतो आणि झेनर डायोड तेथील दाब सुरक्षित मर्यादेत ठेवतो. प्रकाशव्होल्टीय चालक वापरताना हा रोधक मोठ्या मूल्याचा असावा लागतो, अन्यथा चालकाचा अल्प प्रवाह त्यातूनच निघून जातो.

दाबाची निवड

वीजपुरवठ्याचे २३० व्होल्ट हे वर्गमाध्यमूळ मूल्य असून दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. वाहिनीवरील क्षणिक उसळ्या लक्षात घेऊन साधारणतः ६०० व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचे मॉसफेट निवडतात आणि टोकांना समांतर व्हॅरिस्टर जोडतात. भारात वेटोळे असल्यास प्रवाह खंडित होताना त्यात साठलेली ऊर्जा स्विचवर उच्च दाब निर्माण करते. प्रवाह दोन्ही दिशांचा असल्याने भाराला समांतर एकच डायोड जोडण्याचा नेहमीचा उपाय येथे चालत नाही. त्याऐवजी व्हॅरिस्टर किंवा रोधक व धारित्र यांची जोडी वापरतात.

ट्रायॅकशी तुलना

ट्रायॅक स्वस्त असून त्याचे चालन सोपे असते. परंतु एकदा वाहक झाल्यावर प्रवाह शून्याजवळ येईपर्यंत तो खंडित होत नाही, म्हणून एकदिश प्रवाह तोडण्यास तो निरुपयोगी ठरतो. मॉसफेटची जोडी प्रवाह कोणत्याही क्षणी तोडू शकते आणि अल्प प्रवाहाला तिच्यावरील दाबघटही कमी असते.

सुरक्षितता

निकामी झालेला मॉसफेट बहुधा लघुपरिपथित होतो, म्हणजे स्विच खंडित होण्याऐवजी वाहक राहू शकतो. खंडित अवस्थेतही त्यातून सूक्ष्म गळती प्रवाह वाहतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी पुरवठा तोडण्यासाठी यांत्रिक स्विच आणि संरक्षणासाठी फ्यूज वेगळे असावे लागतात. सामाईक सोर्सला ऑसिलोस्कोपची भूसंपर्कित पिन लावल्यास लघुपरिपथ होण्याचा धोका असल्याने मापनासाठी विभेदी प्रोब वापरतात.