मुक्तीनंतरचे आठवडे

दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीडला आणि तालुक्यातालुक्यांत झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातली रझाकारी, तिचा म्होरक्या कासिम रझवी, भारतीय लष्कराच्या पोलीस ॲक्शनचे पाच दिवस हे मराठवाड्यातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली आणि त्या शाळेतली पोरं लढ्यात उतरली, हेही घरोघरी ठाऊक आहे. इथं लिहायचं आहे ते 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली त्याच्या पुढच्या आठवड्यांबद्दल, कारण आपल्या भाषणांमध्ये ते आठवडे येतच नाहीत.

त्या नोव्हेंबरच्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघे नेहरूंच्या सांगण्यावरून संस्थानात आले. यातले पहिले दोघे कोण होते हे नीट पाहायला हवं. सुंदरलाल म्हणजे गांधींच्या वाटेवरचे, ज्यांचा ‘भारत में अंग्रेजी राज’ हा ग्रंथ इंग्रजांनी जप्त केला ते. काझीसाहेब हैदराबादेतल्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले, रझाकारांच्या राजकारणाचे विरोधक. त्यांना निजामाचे हस्तक म्हणायची सोय नाही. 21 डिसेंबरपर्यंत हे तिघे संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्हे फिरले आणि 109 गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांशी बोलले.

त्यांनी दिलेल्या अहवालातला अंदाज, तोही हात राखून केलेला, असा की संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर या चार जिल्ह्यांत मिळून किमान 18 हजार. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत मिळून किमान पाच हजार. मेलेले बहुतेक सगळे मुसलमान. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. एका विहिरीत या तिघांनी अकरा प्रेतं मोजली. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीला चिकटलेलं तान्हं मूल.

मारणारे बरेचसे स्थानिक होते, काही संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून हत्यारं घेऊन आलेले. पण अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचताना मान खाली जाते. काही ठिकाणी लष्करातल्या माणसांनी गावातले वयात आलेले मुसलमान पुरुष बाहेर काढले आणि थंड डोक्यानं मारले. काही ठिकाणी जमावाला लुटीसाठी चिथावलं. याच अहवालात लष्कराच्या एकूण शिस्तीचं आणि अधिकाऱ्यांचं कौतुकही आहे, आणि म्हणूनच मला तो खरा वाटतो. सैन्याला बदनाम करायला निघालेला माणूस असं लिहीत नाही.

यातलाच एक उल्लेख माझ्या मनात घर करून आहे. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या कितीतरी हकिकती या तिघांना ऐकायला मिळाल्या, आणि त्यांत हिंदू विणकरांचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं. आपल्याबरोबर मागावर बसणाऱ्या मुसलमान विणकरांसाठी हे लोक जमावाच्या आडवे गेले. त्यांच्या शौर्याचा सत्कार कुठल्या व्यासपीठावर झाला?

सरदार पटेलांना अहवाल मान्य नव्हता. रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यात दुर्लक्ष झालं असं त्यांचं म्हणणं. सरकारनं तो छापला नाही. त्यातला काही भाग 1988 मध्ये उमर खालिदींच्या पुस्तकातून बाहेर आला आणि सबंध अहवाल 2013 मध्ये ए. जी. नूराणींच्या.

‘आणि रझाकारांनी केलं त्याचं काय?’ हा प्रश्न लगेच येतो आणि तो यायलाच हवा. मे 1948 मध्ये बीदरकडच्या गोरटा गावात रझाकारांनी केलेलं हत्याकांड विसरता येणार नाही. भारतात विलीन व्हा असं लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनीच ऑगस्टमध्ये मारलं, तोही मुसलमान होता. पण गोरट्याचा हिशेब दुसऱ्या गावातल्या कोष्ट्याच्या किंवा अत्तारवाल्याच्या रक्तानं चुकता होत नाही. रझाकार ही बेबंद टोळी होती. लष्कर आपलं, प्रजासत्ताक होऊ घातलेल्या देशाचं. त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवणं हा त्याचा अपमान नाही.

आता बीडपुरतं बोलू. चार जिल्ह्यांच्या त्या पाच हजारांत बीडचे किती, कोणत्या गावचे, कोणत्या नावाचे? अहवाल एवढ्या खोलात जात नाही. पण ते शोधायला लागणारे जुने कागद वाचता येत नाहीत, ही सबब आता चालायची नाही. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतले निजामकालीन दफ्तरांचे गठ्ठे सुटले, उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधून आणली गेली. 2 सप्टेंबर 2025 ला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. आरक्षणासाठी निजामाचा कागद चालतो, तर 1948 च्या मृतांसाठीही चालावा. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्या वर्षानंतर सातबाऱ्यावर बदललेली नावं, ओस पडलेल्या वक्फ जमिनी हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर गावनिहाय यादी होऊ शकते. रझाकारांनी मारलेल्यांचीही त्याच वहीत करावी.

त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या आसपास आहे. अंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगावच्या गल्ल्यांत अशी माणसं अजून भेटतील. मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी येत्या सुटीतच विद्यार्थी पाठवावेत, हातात रेकॉर्डर देऊन, आणि दोन्ही समाजांच्या घरी.