तोफ, भोंगा आणि तांबडं आभाळ

मध्य प्रदेशातल्या रायसेनच्या किल्ल्यावर रमजानमध्ये रोज तोफ उडते. भोपाळच्या नवाबांच्या काळापासूनची ही प्रथा. सूर्य मावळला की मशिदीच्या मिनारावर दिवा लागतो, तो पाहून वर तोफेला बत्ती दिली जाते आणि आसपासच्या गावांतले रोजेदार खजूर तोंडात टाकतात. एरवी ज्या आवाजाने माणसं पळतील, त्याच आवाजाने तिथे पाण्याचा पहिला घोट घेतला जातो.

आपल्याकडे अनेक गावांत हेच काम भोंगा करतो. पण भोंग्याला दुसरी भाषाही आहे. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा अनेकांनी ती पहिल्यांदाच ऐकली. आवाज खालीवर होत राहिला तर हवाई हल्ल्याचा धोका. एका सुरात वाजला तर धोका टळला. 1971 चं युद्ध पाहिलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच इफ्तारचा भोंगा एका सुरात आणि थोडकाच वाजलेला बरा. दोन खुणा एकमेकींत मिसळल्या, तर कामाची वेळ येईल तेव्हा कोणी मान वर करून पाहणार नाही.

वेगळेपणाचा हा विचार जुना आहे. मदिनेत नमाजसाठी लोकांना कसं बोलवावं यावर चर्चा झाली, तेव्हा शिंग, घंटा, विस्तव अशा सूचना आल्या. त्या खुणा इतर धर्मीयांच्या होत्या. अखेर माणसाचा आवाज ठरला आणि पहिली अजान हजरत बिलाल यांनी दिली.

रंगांचं प्रकरण अधिक नाजूक. रोजा सुरू होण्याची वेळ कुरआनात पांढऱ्या आणि काळ्या दोऱ्याच्या उपमेने सांगितली आहे. अदी बिन हातिम यांनी खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवले आणि रात्रभर पाहत राहिले. तेव्हा पैगंबरांनी समजावलं, की हा रात्रीचा काळोख आणि पहाटेचा उजेड आहे. त्यातही पहाट फसवते. आधी आभाळात उभा फिकट पट्टा दिसतो, ती खोटी पहाट, सुबह-ए-काजिब. क्षितिजावर आडवा पसरणारा उजेड खरा. सहेरी तिथे थांबते.

संध्याकाळी तांबड्याचा हिशोब. कोकणातले शाफई आभाळातला तांबडा रंग गेला की इशाची वेळ धरतात. इमाम अबू हनिफा यांच्या मते त्यामागून उरणारा पांढुरकेपणाही जायला हवा. लाल किरण हवेत कमी विखुरतात, म्हणून मावळतीचं आभाळ तांबडं दिसतं. धोक्याचा दिवा लाल ठेवण्यामागे हेही एक कारण, तो लांबून दिसतो.

चौकातल्या लाल दिव्याबद्दल मात्र दोन मतं नाहीत. तरी मगरीबच्या आधीची दहा मिनिटं दुचाक्यांना भलतीच घाई असते. कित्येक शहरांत तरुण मुलं त्या वेळी सिग्नलपाशीच खजूर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहतात, थांबलेल्या प्रत्येकाच्या हातात देतात. रोजा आहे का, असं कोणी विचारत नाही.