दुकानाशेजारी दुकान का?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. हैदराबादेस चारमिनारजवळच्या लाड बाजारात बांगड्यांच्या दुकानांची रांग आहे. इंदूरच्या सराफ्यात पेढीला पेढी लागून आहे. प्रतिस्पर्ध्यापासून दूर जाऊन स्वतंत्र गिऱ्हाईक जोडण्याऐवजी व्यापारी त्याच्याच शेजारी का बसतो, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली दिले. त्याचे मर्म एका दृष्टान्ताने समजेल. १,००० मीटर लांबीचा सरळ रस्ता आहे, त्यावर सारख्या अंतराने घरे आहेत आणि एकच माल एकाच भावाने विकणारे दोन दुकानदार आहेत. एक २५० मीटरांवर, दुसरा ७५० मीटरांवर बसला, तर दोघांना निम्मेनिम्मे गिऱ्हाईक मिळेल आणि कोणालाही २५० मीटरांहून अधिक चालावे लागणार नाही. आता पहिल्याने दुकान थोडे मध्याकडे सरकवले, तर मागचे गिऱ्हाईक त्याचेच राहते, कारण त्या बाजूस दुसरे दुकान नाही. पुढचे थोडे मात्र नव्याने मिळते. ते पाहून दुसराही सरकतो. असे होता होता दोघे रस्त्याच्या मध्यावर भिंतीला भिंत लावून बसतात. विक्री पूर्वीइतकीच, पण टोकाच्या घरातील माणसाला आता ५०० मीटर चालावे लागते, आणि सर्वांचे सरासरी अंतर १२५ वरून २५० मीटरांवर जाते. दुकानदारांनी काही कमावले नाही. रहिवाशांनी मात्र गमावले.

खऱ्या बाजारात भाव असा बांधलेला नसतो. मालही एकसारखा असला, तर शेजारी बसलेले दोघे एकमेकांचे भाव पाडत राहतील आणि अखेर दूर जाणेच पसंत करतील. हॉटेलिंगच्या मांडणीतील ही उणीव १९७९ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिली.

मग बांगडीवाले दूर का जात नाहीत? कारण त्यांचा माल एकसारखा नसतो. दहा ठिकाणी रंग आणि नक्षी पाहून, घासाघीस करून मगच खरेदी होते. ही पारख एका फेरीत होत असेल, तर लांबलांबचे लोक येतात. एकट्यादुकट्या दुकानाकडे ते फिरकले नसते. शेजारी थोडे गिऱ्हाईक नेतो, पण पेठेच्या लौकिकाने त्याहून अधिक आणून देतो.

औषधांची गोष्ट निराळी आहे. चिठ्ठीवर लिहिलेले औषध कोठेही तेच असते. छापील किमतीहून अधिक दाम घेता येत नाही. तेथे पारखण्यासारखे थोडे आणि निकड मोठी. रुग्णालयाच्या फाटकासमोर चार औषधालये आणि गावकुसाच्या वस्तीत एकही नाही, अशी स्थिती झाली, तर प्रत्येक दुकानदाराचा हिशेब बरोबर असूनही रात्री ताप चढलेल्या मुलाच्या आईला त्याचा उपयोग नसतो. इटलीत यासाठी औषधालयांची संख्या लोकवस्तीच्या प्रमाणात ठरवतात आणि दोन औषधालयांत किमान २०० मीटर अंतर राखावयास लावतात.

तेव्हा दुकानांची दाटी चांगली की वाईट, हे मालावरून ठरवावे. पारखून घ्यावयाच्या वस्तूंची पेठ एकत्र असण्यात सर्वांची सोय आहे. तातडीच्या वस्तू मात्र वस्तीवस्तीत हव्यात. आणि त्या आपोआप तेथे पोचतील, असे समजून नव्या वसाहतीचा आराखडा आखणे योग्य नव्हे.