नाणेघाटाच्या वाटेवर सायकलस्वारांचा मुक्काम

कल्याण सोडले की रायत्याला उल्हास नदी ओलांडायची, गोवेली मागे टाकायची, मग मुरबाड, सरळगाव, टोकावडे. वैशाखरे आले की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. सुट्टीच्या पहाटे ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे सायकलस्वार या रस्त्याला लागतात. त्यांतले बरेच जण दुपारच्या आत घरी परततात, कारण पुढे डोंगरात जायचे तर रात्रीचा मुक्काम हवा, आणि सायकल समजून घेणारा मुक्काम सहज मिळत नाही.

खरे तर मुक्कामाची सोय हा या वाटेचा सर्वांत जुना धर्म आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे चढे. घाटाच्या माथ्याजवळ सातवाहनांनी कोरलेली गुंफा आजही शाबूत आहे. तिच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखात यज्ञांमध्ये दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे आहेत. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. पण थकून आलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले, तर आधी दिसतात ते तीन बाजूंनी कोरलेले दगडी बाक, आणि जवळची पाण्याची टाकी. ही गुंफा वाटसरूंच्या विसाव्यासाठी असावी, असे अभ्यासक मानतात. घाट चढून आलेल्याला बसायला जागा आणि प्यायला पाणी लागते, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना कळत होते. मला या लेण्याचे सर्वांत मोठे नवल हेच वाटते.

पुढे सराया आणि धर्मशाळा आल्या. त्यांत माणसांबरोबर बैलांची, घोड्यांचीही सोय पाहिली जाई. चांगल्या मुक्कामाची कसोटी तेव्हा होती तीच आज आहे: वाटसरूला घेऊन आलेल्या वाहनाची काळजी कशी घेतली जाते?

या वाटेवरचे आजचे वाहन माउंटन बाइक, आणि ते तसे अलीकडचे. 1970च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातली तरुण मुले जुन्या जाडजूड सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगरावरून भरधाव उतरू लागली, त्यातून ही सायकल घडत गेली. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतीला स्थान मिळाले. सायकलस्वारांचा पाहुणचार कसा करावा, याचा पद्धतशीर विचार मात्र जर्मनीत झालेला दिसतो. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने 1995 मध्ये ‘बेट उंड बाइक’ नावाची मान्यता सुरू केली. तिच्या अटी साध्या आहेत. पाहुणा एकाच रात्रीसाठी आला तरी नाकारायचा नाही. सायकलींना कुलपाची जागा द्यायची. ओले कपडे वाळवायची सोय, भरपूर न्याहारी आणि दुरुस्तीची मूलभूत हत्यारे ठेवायची. पलंग, टीव्ही, पोहण्याचा तलाव यांवर भर नाही.

मुरबाड-शहापूर भागातल्या घरांना या अटी जड नाहीत. सायकलींसाठी पडवी आहेच. तिला दार आणि कडी-कुलूप हवे. मात्र माप घेऊन ठेवावे. आजच्या माउंटन बाइकचे हँडल बहुधा 760 ते 800 मिलिमीटर रुंद असते आणि अडीच फुटी दरवाजा भरतो 762 मिलिमीटर, म्हणजे सायकल वाकडी करूनच आत न्यावी लागते. टेकवताना ती डाव्या अंगावर टेकवावी, कारण उजवीकडे गिअरचा नाजूक सांगाडा असतो.

धुण्याला बादली, मऊ ब्रश आणि साधी नळी पुरते. गाड्या धुवायच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि आतले ग्रीस वाहून जाते. इथे यजमानाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चाकाच्या मधोमध दिसणाऱ्या चकचकीत पोलादी चकतीला तेलाचा हात लागू देऊ नये. ती डिस्क ब्रेकची चकती असते. तिच्यावर तेल गेले की ब्रेकचे पॅड ते शोषून घेतात, आणि माळशेज घाटाच्या उतारावर ब्रेक लागेनासा होतो. पाहुण्याची सायकल पुसून ठेवायची हौस प्रेमाची असते, पण साखळीपुरते तेल त्यालाच घालू द्यावे.

हवेचेही तसेच. काही माउंटन बाइकना मोटारसायकलसारखाच व्हॉल्व असतो, तिथे टोकावड्याचा पंक्चरवालाही काम भागवतो. काहींना बारीक, सडसडीत प्रेस्टा व्हॉल्व असतो. त्याला गावातला पंप बसत नाही, नखाएवढा पितळी अडॅप्टर लागतो. तो कोनाड्यात दोन-चार नगांनी असावा, सोबत ॲलन कीचा संच आणि उभा पंप.

जेवणाची चिंता नको. तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, भात, वर घरचे तूप. दिवसभर चढ चढलेल्याला याहून चांगले काही नाही. अडचण येते ती पहाटेची. ऊन तापायच्या आत चढ संपवायचा म्हणून सायकलस्वाराला पाचलाच पोटभर खाणे हवे असते. पावसाळ्यात चुलीच्या उबेला बूट वाळवावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. पण ऐन पावसात माळशेजला दरडी कोसळतात आणि शेवाळलेल्या कातळावर टायर टिकत नाही. म्हणून खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

घरे पाहुण्यांसाठी उघडली तर काय होते, याचे उदाहरण जवळच आहे. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत ‘ग्रासरूट्स’ या उपक्रमाने 2006 पासून गावकऱ्यांसोबत ग्रामपर्यटन उभे केले, आणि आजोबा डोंगराच्या पायथ्याच्या डेहण्यातही तो प्रयोग झाला. पाहुणे घराघरांत जेवतात आणि पैसा गावात राहतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही 2020 मध्ये आले. सायकलस्वारांसाठी याच घरांत थोडी भर घालायची आहे.

जंगलाचे भान मात्र यजमानालाच असावे लागते. या भागातल्या सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो. कोणती वाट खुली आहे, कुठे वनखात्याची परवानगी लागते, हे पाहुण्याला रात्रीच सांगावे. ओळखपत्राची नोंद वहीत करावी, आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती 24 तासांत सरकारला कळवावी.

मुरबाड, शहापूरकडच्या ज्या घरांच्या मनात असे काही असेल, त्यांनी दसऱ्याच्या आत पडवीला दार लावून घ्यावे. आणि सायकलस्वारांनो, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून किती माणसे येणार ते नक्की सांगा, म्हणजे घरच्या मावशींना तेवढ्या भाकऱ्यांचे पीठ दळून ठेवता येईल.