आमच्या घरची प्रेसिडेंट

आमच्या घरी १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, हे मोठे श्रीमंत लोक असावेत. तसे काही नाही. आमचे आबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. १९८९ साली पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ही गाडी घेतली, तीही जुनीच. तिच्यातून वस्तीतल्या किती बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, याचा हिशेब आमची आई ठेवून असे.

ही गाडी म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीची पद्मिनीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघे. १९७२ मध्ये प्रेसिडेंट हे नाव आले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची गाडी निळा धूर सोडू लागली. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा राहिला तर पाणी शिरते, आणि निळा म्हणजे इंजिन ऑइल खाते. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "हे टाका भंगारात, डिझेलचं इंजिन बसवून देतो, अर्ध्या पैशात." मोह झाला, खोटे कशाला बोला! पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, मात्र गाडी मूळ रूपात हवी. इंजिन बदलले की ती वाट बंद. (अशी नोंद केली तर गाडी रोज वापरता येत नाही, म्हणून आबांनी अजून अर्ज केलेला नाही. ते वेगळे.)

शेवटी तुर्भ्याचे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी आधी काहीच खोलले नाही. एकेक प्लग काढून दाब मोजला, मग त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजला. दाब वाढला. "व्हॉल्व नाहीत, रिंगा गेल्या," ते म्हणाले. ऑइलने रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते, म्हणून दाब वाढतो. दोष व्हॉल्वचा असता तर फरक पडला नसता.

हेड उतरले आणि आबा पेटीतून आपला जुना मायक्रोमीटर घेऊन आले. त्यांना आता आकडे दिसत नाहीत. आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकणारी नात मोजायची, ते ऐकायचे. सिलिंडर गोल झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडे जास्त झिजतो, आणि वरच्या तोंडाशी सर्वांत जास्त. म्हणून वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी आडवे-उभे असे मोजायचे. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. आमचा बोअर ६९ च्या घरात गेलेला, म्हणजे पूर्वी कोणीतरी बोअर मारून मोठे पिस्टन बसवले होते. आणखी मोठे पिस्टन कुर्ल्याच्या बाजारात मिळेनात. आबा गप्प बसले.

मिस्त्रींनी मार्ग काढला. ब्लॉक आणखी कापून चारही ठिकाणी लायनर ठोकायचे आणि त्यांना पुन्हा ६८ चा बोअर मारायचा. म्हणजे ब्लॉक तोच, नंबर तोच, माप पहिल्या दिवसाचे. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तापून वाकले होते, तेही फेस करून घेतले. क्रँक ग्राइंड झाली, तिच्या नव्या मापाची बेअरिंगे आली. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा झाला. त्यावरून घरात बोलणी झाली, ती इथे लिहीत नाही.

एक चूक मात्र आमचीच. कनेक्टिंग रॉडच्या चार कॅपा आम्ही रॉकेलमध्ये धुऊन एका परातीत ठेवल्या, खुणा न पाहता. प्रत्येक कॅप आपल्याच रॉडला बसते, कारण दोन्हींचे भोक एकत्रच कापलेले असते. आवळल्यावर क्रँक हलेना. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि चहाला निघून गेले. नातीने भिंगातून पुसट आकडे शोधून काढले, तेव्हा कुठे जोड्या जुळल्या.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळले. प्लग न लावता आधी नुसते इंजिन फिरवले, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून चावी आबांच्या हातात दिली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. सायलेन्सरजवळ पांढरा रुमाल धरून आबा किती तरी वेळ उभे होते.

आता पहिले १००० किलोमीटर सांभाळून चालवायचे, पन्नासच्या वर न्यायचे नाही, ५०० ला ऑइल बदलायचे. आबा रोज वहीत आकडा लिहून घेतात. काल ३१२ झाले.