दसऱ्याचे वाहनपूजन आणि चाकांची पारख

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. आदल्या दिवशीच्या खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. दशमीला शमीपूजन, सीमोल्लंघन आणि आपट्याचे सोने. ज्या साधनावर आपला चरितार्थ चालतो त्या साधनापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही या दोन दिवसांमागील कृतज्ञ भावना होय. अरुणावतीकाठच्या शिरपुरातही विळे, तराजू, शिवणयंत्रे धुऊन-पुसून मांडली जातात आणि त्यांच्याच ओळीत घरातील मोटारसायकल उभी राहते. तिला झेंडूचा हार चढतो, हळदकुंकू लागते, नारळ वाढविला जातो आणि चाकाखाली लिंबू ठेवून ती चार पावले पुढे नेली जाते.

या पूजेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे एक साधी गोष्ट ठेवू इच्छितो. ज्या चाकाखाली लिंबू ठेवावयाचे त्या चाकाच्या टायरची नक्षीच झिजून गेली असेल, त्याच्या कडांना चिरा पडल्या असतील, तर हार कितीही टपोऱ्या फुलांचा असो, ती पूजा अपुरी राहिली असे आम्ही म्हणू. साऱ्या गाडीत जमिनीला टेकणारी वस्तू म्हणजे हे दोन टायर. आणि तेही पूर्ण नव्हेत, तर एका वेळी प्रत्येकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग. घरचा कर्ता पुरुष आणि त्याच्यामागे पदर सावरून बसलेली गृहिणी यांचे जीवित त्या दोन तळहातांवर सोपविलेले असते. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हाती येऊ लागले की याच सुमारास पुष्कळ घरी गाडीचे काम निघते. तेव्हा टायर निवडताना काय पाहावे, याचा विचार सणाच्या दिवशी अप्रस्तुत ठरू नये.

धाव आणि टायर

चाकाची काळजी ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविलेली असे. लोहार ती आगीत लाल करी, तापून ती प्रसरण पावली की चाकावर चढवी आणि लगोलग पाणी ओतून घट्ट आवळून घेई. धाव सैल झाली की चाक खिळखिळे होई, म्हणून जाणता शेतकरी लांबच्या यात्रेला गाडी जुंपण्यापूर्वी आधी धाव ठोकून पाही. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले आणि युद्धाचे पारडे फिरले, ही महाभारतातील कथा घरोघरी ठाऊक आहे. युद्धात दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा कैकेयीने आपला हात घालून चाक सावरले, अशी कथा कीर्तनांतून सांगितली जाते. दोन्ही कथांत योद्धा शूर आहे, घोडे तेजस्वी आहेत. परंतु प्रसंग अडतो तो चाकापाशी.

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये घेतले, पण ते मागे पडले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या वैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबराची हवाबंद नळी बसविली आणि तेथून हा टायर जगभर गेला. लोखंडी धावेची जागा रबराने घेतली, तरी तिला जपण्याचे कर्तव्य मात्र तेच राहिले.

थांबण्याचे सामर्थ्य

जळगावचा श्रीराम रथ पाहिलेल्या वाचकांना मोगरी आठवेल. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला हा रथोत्सव कार्तिकी एकादशीला होतो. रथ ओढणारे शेकडो असतात. पण तो वळविण्याचे आणि थांबविण्याचे काम चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सरकवणाऱ्या मोजक्या माणसांच्या हाती असते. त्यांची नजर चुकली तर रथ कोणाचेही ऐकणार नाही. चालणे जितके महत्त्वाचे तितकेच थांबणे, हा धडा आमच्या खानदेशाने रथापासून घेतला आहे.

मोटारसायकलीची मोगरी म्हणजे तिचा टायर. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाचा जोर. टायरच्या खाचा पावसात पाणी बाजूला फेकतात आणि रबर रस्त्याला धरून राहते. खाचा गेल्या की ओल्या डांबरावर चाक थांबते खरे, परंतु गाडी पुढे घसरतच राहते.

शिरपूरकरांना हे अधिक सांगणे नलगे. मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३ आणि आताचा ५२, गावाजवळूनच जातो. दक्षिणेला सावळद्याचा तापीवरील पूल आणि उत्तरेला पळासनेर ओलांडून सातपुड्यातील बिजासन घाट, अशा या मार्गाने मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान १० जणांना प्राण गमवावे लागले. तो दोष मोटारसायकलीचा नव्हता, टायरचाही नव्हता. पण अशा रस्त्यावर दुचाकीस्वाराला चटकन थांबता आले पाहिजे, चटकन बाजूला होता आले पाहिजे, एवढे तरी त्या दुर्घटनेने आपणा सर्वांना शिकविले आहे. नवरात्रात याच रस्त्याने बिजासनी मातेच्या दर्शनाला जाणाऱ्या दुचाकींची संख्या थोडी नसते.

बदलण्याची वेळ

टायर फुटेपर्यंत चालवावा, ही समजूत घातक होय. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान आडवे उंचवटे असतात. त्यांची जागा दाखविणारी खूण टायरच्या कडेवर असते. नक्षी झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर ठरविली आहे. ही शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी तिची वाट पाहू नये.

नक्षी शिल्लक असूनही टायर बदलावा लागतो. कडेला बारीक चिरा पडणे, फुगा येणे, आतील धागा दिसू लागणे ही त्याची लक्षणे. मागचा टायर मधोमध चपटा होऊन लवकर झिजतो. पुढचा वर्षानुवर्षे टिकतो, आणि म्हणूनच तो नजरेआड होतो. वास्तविक जोराने ब्रेक दाबला असता भार पुढे सरकतो आणि थांबविण्याचे मोठे काम पुढच्या चाकालाच करावे लागते. म्हणून मागचा बदलताना पुढच्याचे वयही विचारून घ्यावे. मागचा अर्धवट झिजलेला टायर पुढे चढविण्याची काटकसर तर कधीच करू नये. दोहोंची नक्षी आणि घडण निराळी असते.

टायरच्या अंगावरील अक्षरे

टायरच्या कडेवर इंग्रजी अंकाक्षरांत त्याची जणू जन्मपत्रिकाच छापलेली असते. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या स्प्लेंडर प्लस या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या टायरवर ८०/१००-१८ असे माप असते. पहिला आकडा रुंदी, म्हणजे ८० मिलिमीटर; दुसरा सांगतो की टायरची उंची रुंदीच्या १०० टक्के आहे; तिसरा रिमचा व्यास, १८ इंच. जुन्या गाड्यांवर हेच माप २.७५-१८ असे इंचांत आढळते.

यापुढचा आकडा पुष्कळ जण वाचीतच नाहीत, आणि खरे महत्त्व त्याचेच आहे. या गाडीच्या पुढील टायरवर ४७ पी आणि मागील टायरवर ५४ पी असे असते. माप एकच, पण ४७ हा भारांक १७५ किलोचा आणि ५४ हा २१२ किलोचा. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आता घरचा हिशेब मांडून पाहू. गाडी ११० किलोच्या आसपास, दोन माणसे १३० किलो. यातील दीडशेहून अधिक किलो भार मागील चाकावर येतो. त्यात मागे युरियाची ४५ किलोची गोणी बांधली की तो दोनशेच्या घरात जातो. म्हणजे योग्य टायर असतानाही मर्यादा हाकेच्या अंतरावर राहते. आणि स्वस्त मिळाला म्हणून कमी भारांकाचा टायर मागे बसविला असेल तर ती ओलांडलीच जाते. तिसरे माणूस बसविण्यास तर कायद्याचीच मनाई आहे. मोटार वाहन अधिनियमाने चालकामागे एकाच व्यक्तीला मुभा दिली आहे.

उलट, गाडी भारदस्त दिसावी म्हणून रुंद टायर चढविण्याची हौस तरुणांत आहे. रिम त्या मापाची नसेल तर टायरचा आकार बिघडतो, तो साखळीला घासतो, गाडी वळायला जड जाते आणि पेट्रोलही अधिक लागते. गाडीच्या पुस्तकात दिलेले माप आणि त्याहून कमी नसलेला भारांक, हाच राजमार्ग होय.

रस्ता तसा टायर

एकाच तालुक्यात किती तऱ्हेचे रस्ते! तापीथडीच्या काळ्या मातीतील शिवाररस्ता पावसात चिकट होतो. बोराडी, सांगवीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम आणि टोकदार दगड लागतात. महामार्ग मात्र सपाट आणि वेगवान. ज्याचे दिवसाचे जाणे-येणे शिरपूर-धुळे असेल त्याने सलग नक्षीचा, डांबरी रस्त्याचा टायर घ्यावा. ज्याला रोज शेतात वा पाड्यावर जावे लागते त्याने मागील चाकासाठी सुट्या ठोकळ्यांची, खोल खाचांची नक्षी निवडावी. मात्र फार उंच ठोकळ्यांचा टायर डांबरावर कमी पकडतो आणि लवकर झिजतो, हे ध्यानात ठेवावे.

ट्यूबचा की ट्यूबविरहित, हा प्रश्न हल्ली प्रत्येक दुकानात विचारला जातो. ट्यूबमध्ये बाभळीचा काटा वा खिळा शिरला की हवा झपाट्याने जाऊ शकते आणि वेगात गाडी डगमगते. ट्यूबलेस टायरची हवा बहुधा हळूहळू उतरते, सावरायला अवधी मिळतो. परंतु साध्या तारांच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून तेथे ट्यूब हवीच. ट्यूबलेससाठी मॅगव्हील असावे लागते. पाड्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ट्यूबलेसचे साहित्य असेलच असे नाही. म्हणून ते बसविणाऱ्याने दुरुस्तीची दोरी आणि सळई डिकीत बाळगावी.

दुकानात आणि पुढे

कडेवरील चार अंकी आकडा आवर्जून वाचावा. ३१२४ म्हणजे २०२४ सालाचा ३१ वा आठवडा. ही टायर तयार झाल्याची वेळ. रबर न वापरताही वयाने कडक होते, म्हणून सणाच्या सवलतीत जुना साठा तर मिळत नाही ना, हे पाहावे. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहा वर्षे झाली की नक्षी असली तरी बदल, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. आयएसआय चिन्ह पाहावे, पक्के बिल घ्यावे. दुचाकीसाठी रिमोल्ड टायर घेऊ नये. चारचाकीला बाकीची तीन चाके सावरू शकतात, दुचाकीला ती सोय नाही.

बसविताना कडेवरील बाण फिरण्याच्या दिशेला असावा. नव्या टायरला ट्यूबही नवी आणि रिमवरची पट्टी धड असावी. हवा गार टायरमध्ये, गाडीवरील तक्त्याप्रमाणे भरावी. मागे माणूस बसणार असेल तर मागील चाकाचा आकडा वाढतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, ही समजूत उलटी आहे. खानदेशच्या वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला असता कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि कडेला फाटतो. नव्या रबरावर प्रारंभी एक गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वेग आणि वळण दोन्ही बेताने घ्यावे.

काढलेला टायर जाळू नये. त्याचा काळा धूर विषारी असतो. तो छपरावर वा परसात टाकला तर आत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. दुकानदाराकडेच तो द्यावा.

पूजेच्या वेळी

पूजा मनोभावे करावी, त्याचबरोबर काही पथ्येही पाळावीत. तेल वा तुपात कालविलेले कुंकू टायरच्या नक्षीला आणि ब्रेकच्या चकतीला लावू नये. ते दिव्याच्या वर, चिखलपत्र्यावर लावावे. हाराचे टोक तारांत वा साखळीत अडकणार नाही असे बांधावे आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी हार उतरवावा. निरांजन आणि उदबत्ती पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवावी. नारळाच्या करवंटीचे तुकडे वाटेतून उचलावेत.

कठोपनिषदाने देहाला रथाची उपमा दिली आहे आणि बुद्धीला सारथ्य सोपविले आहे. आमच्या अंगणातील लहानशा रथालाही तोच न्याय लागू पडतो. देवीजवळ आपण कुटुंबाच्या रक्षणाचे मागणे मागतो. ते मागणारे हात आधी चाकावरून फिरावेत, खाचांची खोली बोटांना कळावी, आणि मगच त्यावर फूल वाहावे. यंदाचे सीमोल्लंघन सर्व वाचकांना सुखरूप परतीचे लाभो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.