गढूळ नदी आणि काखेतला रोल-ऑन

सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर नदीचं पाणी. कृष्णाकाठच्या एका शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातली ही प्रयोगशाळा. जुलैचे दिवस, पाणी तांबडं, बीकरमागे धरलेलं बोट दिसत नाही. केमिस्ट मॅडमनी टर्बिडिटी, म्हणजे पाण्याचा गढूळपणा, मोजली तर आकडा ४०० एनटीयूच्या वर गेला. पिण्याच्या पाण्यात तो १ पर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५, असं भारतीय मानक सांगतं.

“मामा, काल डोस किती ठेवलावता?”

“पस्तीस, मॅडम. पण वर लई पाऊस झालाय. आज तेवढ्यात भागायचं न्हाई.”

मामा इथले जुने ऑपरेटर. भागेल की नाही हे अंदाजाने ठरत नाही, त्यासाठी ‘जार टेस्ट’ करतात. पाणी निवळण्यासाठी पूर्वी इथे तुरटीच्या लाद्या टाकीत विरघळवायच्या. न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो ती पोटॅशची तुरटी. ही लादी म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेट. आता बहुतेक काम ‘पॅक’वर चालतं. पॅक म्हणजे पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड, पिवळसर भुकटी. तिचे १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाच्या दर मिलिलिटरमागे बीकरात १० मिलिग्रॅम पॅक जातं. मॅडमनी पिपेटने दोन मिलिलिटरपासून सातपर्यंत चढत्या क्रमाने डोस सोडले आणि ढवळणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं.

पहिलं एक मिनिट पाती जोरात फिरतात, औषध सगळीकडे पोचावं म्हणून. मग वेग कमी करतात. आता घाई करायची नाही. पाती जोरात फिरली तर जमलेलं पुन्हा फुटतं. सुरुवातीला काही दिसत नाही. हळूहळू चौथ्या बीकरात पाणी रवाळ वाटायला लागतं. टाचणीच्या डोक्याएवढे कण होतात, एकमेकांना चिकटून वाढतात, आणि त्यांच्या फटींतून पलीकडचं स्वच्छ पाणी दिसतं. या गोळ्यांना इथे सगळे ‘फ्लॉक’च म्हणतात. पाती थांबली की तो तळाला बसतो. दहा-पंधरा मिनिटांत चौथ्या बीकरात वर नितळ पाणी आणि खाली तांबडा थर. पहिले दोन बीकर मात्र गढूळच राहिले, आणि सर्वांत जास्त औषध घातलेला सहावासुद्धा चौथ्याइतका निवळला नाही.

सहाव्या बीकराशी मी बराच वेळ थांबले, कारण सगळं रहस्य त्याच्यात आहे. नदीतल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसदिवस तरंगत राहतात. पॅकमधला अॅल्युमिनियम सुटासुटा नसतो. त्याच्या तेरा-तेरा अणूंचे गठ्ठे असतात आणि त्यांच्यावर मोठा धन भार असतो. तो मातीचा भार मारतो; कण जवळ येतात, चिकटतात. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत जेल तयार होतो आणि उरलेसुरले कण स्वतःत अडकवून खाली नेतो. औषध जास्त झालं की कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना लोटायला लागतात. म्हणून सहावा बीकर मागे पडला.

मी केंद्रावर गेले ती नदीसाठी नव्हे, रोल-ऑनसाठी. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनच्या बाटलीवर बहुधा लिहिलेलं असतं, ‘अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट’. तो या पॅकचा अगदी सख्खा भाऊ आहे; पाणी शुद्ध करण्यासाठीही तो विकला जातो. घामाच्या नळीत तो काय करतो ते उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही. बीकरात येतं.

घामाची नळी केसाहून बारीक. तिच्यातल्या घामात पाणी आणि मीठ असतंच, पण थोडी प्रथिनंही असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रथिनांवर मातीसारखाच ऋण भार असतो. त्वचेवर लावलेला हा अॅल्युमिनियमचा क्षार घामात विरघळून नळीच्या तोंडात शिरतो, प्रथिनं त्याच्याभोवती गोळा होतात आणि जेलचं बूच बसतं. २०१७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी घामाच्या नळीएवढी कृत्रिम वाट तयार करून त्यात हे बूच कसं जमतं ते पाहिलं. ते कायमचं नसतं. त्वचेचा वरचा थर झडतो तसं काही दिवसांत निघून जातं.

म्हणूनच रोल-ऑन रात्री लावायचा, कोरड्या काखेत. रात्री घाम कमी येतो, क्षाराला आत शिरून बसायला उसंत मिळते. सकाळी आंघोळ करून घाईघाईत ओल्या अंगाला लावलेला बराचसा पुढच्या घामाबरोबर वाहून जातो. जोरात फिरणाऱ्या पात्यांत फ्लॉक टिकत नाही, तेच इथे. आणि दुकानातल्या बहुतेक डिओ स्प्रेंकडून घाम थांबण्याची अपेक्षाच करू नये. त्यांत अल्कोहोल आणि अत्तर असतं. ते वास झाकतात, वास करणाऱ्या जिवाणूंना आवरतात. बूच बसवायला अॅल्युमिनियमच लागतो.

पूर्वीचा क्षार इतका सौम्य नव्हता. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या एडना मर्फी यांनी ‘ओडोरोनो’ हे घामावरचं औषध बाजारात आणलं. त्यांच्या शल्यचिकित्सक वडिलांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हात कोरडे राहावेत म्हणून ते बनवलं होतं. त्यात अॅल्युमिनियम क्लोराइड होतं, आम्लात विरघळवलेलं. घाम थांबायचा, पण काख जळजळायची आणि कपड्याला भोकं पडायची. क्लोरोहायड्रेटमध्ये बहुतेक क्लोराइडच्या जागी हायड्रॉक्साइड बसलेला असतो, त्यामुळे आम्लपणा उतरतो. तरी ज्यांच्या तळहातांना इतका घाम येतो की परीक्षेत उत्तरपत्रिका भिजते, त्यांना त्वचारोगतज्ज्ञ आजही ते जुनं क्लोराइड देतात, अनेकदा २० टक्क्यांचं. अशा मुलांना घरी ‘घाबरट’ म्हणून गप्प बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

इकडे प्रयोगशाळेत मॅडमनी चौथ्या बीकराचा डोस, ५० मिलिग्रॅम, रजिस्टरमध्ये लिहिला आणि मामा डोसिंगच्या खोलीकडे गेले. मग मॅडमनी आणखी एका तपासणीसाठी नमुना काढला. शुद्ध झालेल्या पाण्यात अॅल्युमिनियम किती उरला? मानक म्हणतं लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत. औषध पाण्यात घालायचं आणि तेच पाण्यात उरू द्यायचं नाही, हा या कामातला अवघड भाग.

ही काळजी कशासाठी, याचं एक दुःखद कारण वैद्यकात नोंदलेलं आहे. १९७० च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, स्मृती जाऊ लागली, झटके येऊ लागले. डायलिसिसच्या पाण्यातला अॅल्युमिनियम थेट त्यांच्या रक्तात जात होता आणि निकामी मूत्रपिंडं तो बाहेर टाकू शकत नव्हती. आता डायलिसिसचं पाणी आरओतून काढलं जातं. घाम थांबवणाऱ्या उत्पादनांवर ‘मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा’ अशी सूचना छापणं अमेरिकेत बंधनकारक आहे. धडधाकट माणसाच्या त्वचेतून आत शिरणारा अॅल्युमिनियम अतिशय थोडा असतो, आणि २०२० साली युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीनेही ठरावीक प्रमाणापर्यंत त्याचा वापर सुरक्षित मानला. त्याने कर्करोग होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही. पण घरात कुणाची मूत्रपिंडं अधू असतील, तर रोल-ऑनच्या बाटलीवरची घटकांची यादी त्यांच्यासाठी वाचून पाहा.